गहू बंद झाल्यावर पास्त्याचं काय? कळण्याच्या शेवयांपासून पाटोड्यांपर्यंत

चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात माझ्या मुलीचा रिपोर्ट हातात आला. ती नऊ वर्षांची होती. दोन वर्षांपासून वजन वाढत नव्हतं, पोट फुगलेलं असायचं, हिमोग्लोबिनच्या गोळ्या सुरू असूनही रक्त वर येत नव्हतं. निदान निघालं सिलिअॅक. गहू आणि जव आयुष्यभर बंद. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यात भर घातली: मैदा, साखर, पाकिटातलं खाणं नको, आतडं सावरेपर्यंत काही महिने दूधही नको, अख्खं धान्य, डाळ, भाजी, फळं, जे खायचं ते घरात शिजवलेलं. जळगावला घरी परतताना गाडीत मुलीने एवढंच विचारलं, "मम्मी, मग पास्ता?"

पोळीबद्दल तिने विचारलं नाही. आमच्याकडे भाकरी रोजचीच, त्यामुळे पोळी गेल्याचं तिला फार वाटलं नसावं. पण शनिवारचा पास्ता हा तिचा सण होता. त्या शनिवारी मी काही करू शकले नाही. त्यानंतर मात्र बरेच शनिवार मी ह्याच प्रश्नावर घालवले. पिठं बदलली, पाकिटं आणली, टाकली, सासूबाईंचा जुना सोऱ्या माळ्यावरून काढला. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर सांगते. घरात कुणाला गहू बंद असेल, किंवा मैदा आणि पाकिटं सोडून साध्या अख्ख्या अन्नावर यायचं असेल, त्यांना हे उपयोगी पडेल.

आधी तपासणी, मग गहू बंद

पहिली पायरी स्वयंपाकघरातली नाही. "पोळी बंद करून बघा, बरं वाटलं तर गहूच" असा सल्ला आमच्या नात्यागोत्यात किमान दहा जणांनी दिला असेल. तो मानू नका. सिलिअॅकची रक्ततपासणी ग्लूटेनमुळे, म्हणजे गहू-जवातल्या चिकट प्रथिनामुळे, शरीरात तयार झालेली अँटिबॉडी शोधते. गहू आधीच सोडला असेल तर ती अँटिबॉडी उतरते आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. पुढे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासायचा झाला तरी तेच. म्हणून तपासणी होईपर्यंत नेहमीसारखी पोळी खायची आणि डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून पूर्ण थांबवायची.

निदानानुसार बंधनही बदलतं. सिलिअॅकमध्ये चिमूटभर पीठही चालत नाही, कारण तिथे शरीराची स्वतःचीच यंत्रणा आतड्याच्या अस्तरावर उलटते. गव्हाची अॅलर्जी हा वेगळा आजार. साखरेच्या रुग्णाला तर गहू तसा बंद नसतो, त्याला प्रमाण आणि चोथा (फायबर) सांभाळायचा असतो. आमच्याच घरात मुलीला सिलिअॅक आणि सासऱ्यांना शुगर आहे, एकाच भांड्यातल्या शेवया दोघं खातात, पण वाढताना हिशेब वेगळा लागतो. तुमचं बंधन नेमकं कोणतं, किती कडक आणि किती दिवसांचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. घरातल्या सगळ्यांना तो रोज दिसला पाहिजे.

गहू कुठे कुठे लपतो

पास्ता मुळात ड्युरम नावाच्या कडक गव्हाच्या रव्याचा. आपल्याकडचा बन्सी रवा त्याच जातकुळीचा. स्वस्त पाकिटात साधा रवा किंवा मैदाही असतो. रवा, दलिया, सांजा, शेवया, गव्हाच्या कुरडया आणि दाळबट्टीतली बट्टी हे सगळं एकाच घरातलं, ते गेलं. खपली गव्हाबद्दल मात्र लोक हटकून सांगतात की "तो जुना गहू, तो चालतो." साखरेच्या माणसाला खपली बरी पडत असेल, पण त्यात ग्लूटेन आहे. सिलिअॅकला खपली चालत नाही.

सातूचं पीठ हा दुसरा घोळ. उत्तरेकडचं सत्तू बहुधा भाजलेल्या हरभऱ्याचं असतं, आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू असतो, आणि सातू म्हणजे मूळचा जव, तोही बंदच. माल्ट घातलेली दुधातली पावडर जवाची. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ओट्स स्वतः गहू नव्हे, पण ते गव्हाच्याच शेतातून आणि यंत्रांतून येतात, म्हणून ग्लूटेनमुक्त लिहिलेले नसतील तर घेऊ नका, आणि तसे लिहिलेले असले तरी डॉक्टरांना विचारल्यावरच.

सगळ्यात उशिरा मला हिंग सापडला. डबीतला बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. वरण-भाजीच्या प्रत्येक फोडणीत मी रोज तो घालत होते आणि मुलीचं पोट का दुखतं म्हणून डोकं धरून बसत होते. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीमागे वाचून घ्यावा. आम्ही हिंग सोडून लसूण आणि ओव्यावर आलो. खान्देशात लसणाला तोटा नाही.

पास्ता ताटात कोणतं काम करतो?

इथे थोडं थांबा, कारण पर्याय निवडताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मी पहिले तीन महिने "पास्त्यासारखं दिसणारं" काहीतरी शोधत होते. महागडी पाकिटं आणायची, शिजवायची, गिचका व्हायचा, मुलगी चमचा फिरवत बसायची. मग एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिला काय आवडतं ते तर बघ. नळी आवडते, रस आवडतो, का चावायला आवडतं?" मुलीला विचारलं. तिला आंबटगोड लाल रस आवडायचा आणि दाताखाली थोडं चिवट काहीतरी लागायला हवं होतं. नळीशी तिला देणंघेणं नव्हतं.

पास्ता ताटात तीन कामं करतो: रस धरतो, दाताला चावायला देतो आणि पोट भरतो. एकच पर्याय तिन्ही कामं करील असा आग्रह सोडला की निवड सोपी होते. रस धरायला शेवयांसारखं बारीक, जाळीदार काहीतरी लागतं. चावायला बेसनाच्या पाटोड्यांसारखं घट्ट लागतं. पोट भरायला दोन्ही चालतात. दुधीच्या नाहीतर काकडीच्या पट्ट्या रस धरतात, पण पोट भरत नाहीत, ते काम शेजारच्या डाळीला करू द्यावं.

असे प्रकार आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, फक्त आपण त्यांना पास्ता म्हणत नाही. पाटोड्यांची रस्साभाजी म्हणजे रश्शात सोडलेल्या बेसनाच्या चौकोनी वड्या. डुबुकवडे म्हणजे रश्शात शिजलेले गोळे. शेवभाजीतली शेवही रस पिऊन मऊ होते आणि चमच्याने खाल्ली जाते. गहू ह्यात कुठेच नाही. मैद्याच्या नळ्यांसाठी मी शहरभर हिंडत होते तेव्हा हे सगळं घरात होतं.

पाकीट घ्यायचंच असेल तर

प्रवासात, परीक्षेच्या दिवसांत किंवा आजारपणात पाकीट लागतंच. समोरचं मोठं अक्षर वाचू नका, पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, म्हणजे पहिलं नाव ज्या पदार्थाचं, तोच सगळ्यात जास्त. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून दुकानात मिलेट पास्ता, मल्टिग्रेन पास्ता, नागली (नाचणी) नूडल्स दिसू लागल्या. मी घरी आणलेल्या एका "ज्वारीच्या" पाकिटावर पहिलं नाव गव्हाच्या रव्याचं होतं, ज्वारी तिसरी. मैदा टाळायचा म्हणून कुणी ते घेतलं तर पैसे वाया, आणि सिलिअॅकच्या मुलाला दिलं तर त्रास.

सिलिअॅकसाठी पाकिटावर "ग्लूटेनमुक्त" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच तो शब्द वापरता येतो. "गहू घातलेला नाही" आणि "ग्लूटेनमुक्त" ह्या दोन वाक्यांत फरक आहे. खाली बारीक अक्षरात "गहू हाताळणाऱ्या कारखान्यात तयार" असं असेल तर ठेवून द्या.

मात्र ग्लूटेनमुक्त म्हणजे अख्खं धान्य नव्हे, हेही तितकंच खरं. तांदळाच्या पांढऱ्या नूडल्स, साबुदाण्याचा किंवा मक्याचा स्टार्च आणि मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया ह्यांत गहू नाही, पण चोथाही जवळपास नाही. सासऱ्यांसाठी मी त्या आणत नाही. चोथ्याचा आकडा पाकिटावर असतो. 100 ग्रॅममागे 6-7 ग्रॅमच्या वर असेल तर धान्य बऱ्यापैकी अख्खं आहे असं मी धरते, ही माझी घरगुती फूटपट्टी आहे. मसूर, मूग किंवा हरभऱ्याच्या पिठाचा निव्वळ डाळीचा पास्ता मिळाला तर तो पाकिटांतला माझ्या मते सगळ्यात बरा, कारण त्यात प्रथिनं भरपूर असतात.

शिजवताना 100 ग्रॅमला लिटरभर उकळतं पाणी घ्या, पहिली दोन मिनिटं सारखं हलवा, आणि पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून चाखायला सुरुवात करा. ग्लूटेन नसलेला पास्ता अर्ध्या मिनिटात कच्च्याचा गिचका होतो. गाळल्यावर गार पाण्याखाली धरा म्हणजे वरचा चिकटा निघतो. लगेच वाढा. गार झाला की तो कडक होतो, मग वाफेवर गरम करावा लागतो.

कळण्याच्या शेवया: माझा रोजचा पर्याय

आता मुख्य गोष्ट. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून पीठ नुसतं पाण्यात भिजवून शेवया पाडल्या तर त्या तुटतात. ग्लूटेनचं काम इथे दोन गोष्टी करतात. एक म्हणजे उकड: उकळत्या पाण्यात पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकट होतो. दुसरी उडीद: उडदाला स्वतःची बुळबुळीत चिकटाई असते. कळण्याच्या भाकरीत अख्खे काळे उडीद ज्वारीबरोबर दळतात ते चवीसाठी आणि ताकदीसाठी, असं मी समजत होते. शेवया करायला लागले तेव्हा कळलं की ही भाकरी मोडत का नाही.

ज्वारी दादर घ्या. आपल्याकडच्या रब्बीतल्या दादरचं पीठ पांढरं, गोडसर असतं आणि त्याला विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, चांगली असते. पीठ ताजं असू द्या. जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकरी जशी थापताना फाटते तशी शेव सोऱ्यातून निघतानाच तुकडे होऊन पडते. आठवड्याचं दळण पुरे. दळण बारीक हवं. भाकरीसाठीचा कळणा थोडा भरड असतो, तो सोऱ्याच्या भोकांत अडकतो.

चार माणसांसाठी दोन वाट्या ज्वारीचं पीठ आणि अर्धी वाटी उडदाचं पीठ. पाणी अडीच वाट्या, पण त्यातलं पाव वाटी बाजूला काढून ठेवा, कारण प्रत्येक दळण वेगळं पाणी पितं. जाड बुडाच्या पातेल्यात पाण्याला मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळी आणा. गॅस बारीक करून पीठ एकदम ओता, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. झाकण काढल्यावर कच्च्या पिठाचा वास यायला नको, भाजलेल्या ज्वारीसारखा मंद गोड वास यायला हवा. कच्चा वास असेल तर बाजूला काढलेलं पाणी शिंपडून आणखी दोन मिनिटं झाका.

परातीत काढून हाताला सोसवेल इतकं गरम असतानाच मळा. हात गार पाण्यात बुडवत, तळहाताच्या मागच्या बाजूने रेटत. पीठ आधी चिरा पडल्यासारखं दिसतं, चार-पाच मिनिटांत ते गुळगुळीत होतं आणि बोटाला चिकटायचं थांबतं. चिमटीत घेऊन दाबलं तर कडा फुटू नयेत. फुटल्या तर पाण्याचा हात लावा, तेल घालू नका. तेलाने चिकटाई कमी होते.

सोऱ्यात शेवेची मधली जाळी बसवा. बारीक जाळीला जोर फार लागतो आणि शेवयांचा लगदा होतो. आतून तेलाचं बोट फिरवा, गरम उकड भरा आणि इडलीच्या तेल लावलेल्या साच्यांत गोल फिरवत पाडा. एका साच्यात एकच थर. दहा ते बारा मिनिटं वाफवा.

वाफवल्यावर मात्र कुणीही हात लावायचा नाही. अर्धा तास तरी तशाच गार होऊ द्या. स्टार्च गार होताना पुन्हा आवळला जातो, तेव्हाच शेवयांना तो चिवटपणा येतो. मी पहिल्या वेळी गरमच सोडवायला गेले आणि त्यांचा उपमा झाला. गार झाल्यावर बोटांनी हलकेच सोडवल्या की लांब धागे सुटे होतात. फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस टिकतात. खायच्या वेळी पाच मिनिटं वाफ द्यायची आणि रश्शात घालायच्या.

ह्याच उकडीचा दुसरा आकार सासूबाईंनी काढला. माझ्या मुलीची ती जिजी. जिजींनी लग्नघरात आयुष्यभर नखुले आणि गव्हले वळलेले. त्यांनी उकडीची हरभऱ्याएवढी गोळी घेतली, नव्या कोऱ्या फणीच्या दातांवर ठेवली आणि अंगठ्याने दाबत पुढे सरकवली. गोळी आपोआप गुंडाळली गेली, बाहेरून रेघा, आतून पोकळ, लहानशा शंखासारखी. त्या पोकळीत रस भरून राहतो. मुलगी दुपारभर जिजींच्या शेजारी बसून वळत होती. ह्यांना आठ-दहा मिनिटांची वाफ पुरते. वेळ लागतो, म्हणून हा रविवारचा प्रकार.

पिठं बदलायची असतील तर: नागली एक तृतीयांशपर्यंत घाला. 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि दूध बंद असलेल्या मुलीसाठी मला ते महत्त्वाचं होतं. त्याहून जास्त नागली घातली तर शेवया बुळबुळीत होतात. बाजरी हिवाळ्यात चालते, पण तिच्यात स्निग्धांश जास्त, पीठ लवकर कडू होतं, चार-पाच दिवसांचंच दळा. नुसत्या मक्याच्या पिठाच्या शेवया ठिसूळ होतात. आपल्याकडे मका मुबलक आहे म्हणून मी खूप प्रयत्न केले, शेवटी भाकरीच बरी वाटली.

पाटोड्यांच्या पट्ट्या

ज्यांना दाताखाली घट्ट लागायला हवं त्यांच्यासाठी ही. बेसनात सुमारे 20 टक्के प्रथिनं असतात, म्हणून सासऱ्यांच्या ताटात मी शेवयांपेक्षा ह्याच जास्त वाढते. बेसन बाजारचं नको. हरभऱ्याची डाळ धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून घरघंटीवर दळावी. विकतच्या बेसनात दुसरी डाळ किती आणि गिरणीतला गहू किती ते आपल्याला कळत नाही.

एक वाटी बेसन पाऊण वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. तेलात जिरं, ओवा, ठेचलेली लसूण-मिरची, हळद घालून वाटीभर पाणी उकळा, मीठ घाला आणि कालवलेलं बेसन धार धरून सोडा. सारखं हलवत राहा. गोळा पातेल्याच्या कडा सोडून फिरायला लागला की झाकून पाच मिनिटं वाफ. तेल लावलेल्या ताटात गरमच थापा, भाकरीपेक्षा थोडी पातळ. गार झाल्यावर चौकोन न कापता सुरीने लांब, बोटभर रुंद पट्ट्या कापा.

ह्या पट्ट्या रश्शात शिजवायच्या नाहीत. रस्सा उकळून गॅस बंद करायचा, पट्ट्या सोडायच्या, दोन मिनिटं झाकायचं. जास्त वेळ राहिल्या तर विरघळून पिठलं होतं.

भाज्यांच्या पट्ट्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परदेशी झुकिनी शोधत बसू नका, कोवळा दुधी सोलून सालकाढणीने लांब पट्ट्या काढा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळा, तव्यावर मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. बिया आल्या की थांबा. उन्हाळ्यात शेवयांमध्ये निम्म्याला निम्म्या मिसळल्या तर पोटाला हलकं पडतं.

रस कोणता घालायचा

बाटलीतल्या सॉसमध्ये साखर आणि घट्टपणासाठी स्टार्च असतो, तो नको. लाल रसासाठी अर्धा किलो पिकलेले टोमॅटो आणि पाव किलो लाल भोपळा एकत्र वाफवून वाटा. भोपळ्याने गोडी आणि दाटपणा दोन्ही येतात, साखर लागत नाही. तेलात भरपूर लसूण लालसर करून हा वाटलेला रस मंद आचेवर वीस मिनिटं आटवा, ओवा आणि जिऱ्याची पूड टाका. माझ्या मुलीचा शनिवार ह्याच रसाने परत आला.

पांढरा रस हवा असेल तर मैद्याऐवजी चमचाभर ज्वारीचं पीठ तेलात खमंग भाजा आणि दुधाऐवजी वाफवलेल्या फ्लॉवरमध्ये भिजवलेले शेंगदाणे वाटून घाला. दूध चालणाऱ्यांनी दूध घालावं.

थंडीत मात्र मी ह्या दोन्ही रसांना सुट्टी देते. डिसेंबर ते फेब्रुवारी भरताची हिरवी-पांढरी वांगी बाजारात असतात. ह्या जळगावच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बिया कमी आणि गर लोण्यासारखा, म्हणून त्याचा रस फार छान होतो. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांवर वांगी भाजा, घरात असाल तर गॅसवर. सोलून ठेचा. तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, अख्खे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि मूठभर कांद्याची पात परतून भरीत घाला, आणि एरवीपेक्षा वेगळं एवढंच करा की अर्धी वाटी गरम पाणी घालून ते सैल करा. कळण्याच्या शेवया त्यात घोळवा. कळण्याची भाकरी आणि भरीत जसं जमतं तसंच हे जमतं. शेवेच्या प्रत्येक फटीत धुराचा वास असलेला गर बसतो. आमच्याकडे पुण्याहून मुलीची फुई (आत्या) आली की हेच मागते, आणि तिला तर कसलंच पथ्य नाही.

काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा पाटोड्यांच्या पट्ट्यांवर चांगला. मसाला घरचा असू द्या, विकतच्या मसाल्यात हिंगावाटे गहू येऊ शकतो.

गिरणी, सोऱ्या, काथवट

सगळं बरोबर करूनही मुलीची अँटिबॉडी पहिल्या सहा महिन्यांत म्हणावी तशी उतरली नाही. कारण गिरणी. आमचं दळण गव्हाच्या मागोमाग पडत होतं आणि पहिल्या किलोभर ज्वारीत जात्यात अडकलेला गहू येत होता. गिरणीवाल्या भाऊंचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तांदूळ आधी दळून जातं साफ करून बघितलं, तेही पुरलं नाही. शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही असं ठरवलं. सिलिअॅक असेल तर घरघंटीचा खर्च टाळू नका. ज्यांना फक्त मैदा टाळायचा आहे, त्यांना नेहमीची गिरणी पुरेल. धान्यही निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा, पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात.

लाकडी काथवट, पोळपाट, लाटणं आणि चाळणी मुलीसाठी वेगळी ठेवली, कारण लाकडाच्या रेघांत आणि जाळीच्या भोकांत पीठ राहतं. सोऱ्याही नवीन आणला, जिजींच्या जुन्या पितळी सोऱ्याने तीस वर्षं गव्हाच्या शेवया पाडल्या होत्या. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. घरात पोळ्या होत असतील तर मुलीचं जेवण आधी करून झाकून ठेवा. गव्हाचं पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ सगळीकडे बसत राहतं.

प्रमाण, डबा आणि आखाजी

ज्वारीच्या शेवया पौष्टिक आहेत म्हणून साखरेच्या माणसाने ताटभर खाव्यात असं नाही. सासऱ्यांना मी शिजलेल्या शेवयांची एक वाटी, दोन वाट्या भाजी-रस आणि शेजारी उसळ किंवा जाड वरण देते. जेवणानंतर दोन तासांनी मशीनवर साखर बघून तुमचं प्रमाण तुम्हीच ठरवा, डॉक्टरांना आकडे दाखवा. ज्यांना एरवी चोथा कमी खायची सवय आहे, त्यांनी आठवड्यातून दोनदापासून सुरुवात करावी आणि पाणी वाढवावं, नाहीतर पोट जड होतं. रक्त कमी असलेल्या मुलांना जेवणाबरोबर चहा देऊ नका, लिंबू पिळा, लोह अंगी लागतं.

शाळेच्या डब्यात शेवया कोरड्या द्या आणि रस वेगळ्या डबीत. एकत्र दिल्या तर मधल्या सुट्टीपर्यंत लगदा होतो. शेवयांना अर्धा चमचा शेंगदाणा तेल चोळलं तर धागे सुटे राहतात. लग्नाकार्यात पंगतीच्या शेवभाजीवर विसंबू नका, शेव कोणत्या तेलात तळली हे कुणालाच माहीत नसतं, आणि त्याच तेलात कचोरी तळलेली असते. आम्ही डबा नेतो. पहिल्यांदा यजमानांना वाईट वाटतं, पण दोन वाक्यांत आजार सांगितला की पुढच्या वेळी तेच विचारतात, "पोरीसाठी काय करू?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी पुरणपोळी आणि आमरस. पहिल्या वर्षी त्या दिवशी मुलगी खोलीतून बाहेर आली नाही. दुसऱ्या वर्षी सकाळीच उकड काढली, ह्या वेळी मीठ अगदी चिमूटभर आणि निम्मी ज्वारी, निम्मं तांदळाचं पीठ, कारण रसाबरोबर उडदाचा वास नको होता. तांदळाने शेवया पांढऱ्या आणि मऊ निघाल्या. गार झाल्यावर वाटीत घालून वरून घट्ट रस ओतला, साखर न घालता, आंबा पुरेसा गोड होता. मुलीने एक वाटी संपवली, दुसरी जिजींनी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे आखाजीला शेवयांची उकड आधी चढते, पुरण नंतर.

शेवया वाळवून ठेवता येतात का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. येतात. वाफवून गार केलेल्या शेवया स्वच्छ सुती कापडावर एकेरी पसरून चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन दिवस कडक वाळवायच्या, वरून मलमलचं कापड टाकायचं, आणि शेजारच्या गच्चीवर गव्हाच्या कुरडया वाळत असतील तर आपलं कापड वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला घालायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या पावसाळ्यापर्यंत चांगल्या राहतात. शिजवताना उकळत्या पाण्यात चार ते पाच मिनिटं पुरतात, आणि चौथ्या मिनिटाला एक तोडून बघायची: मध्ये पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून एक मिनिट.